काडाची खुर्ची

हॉटेलवाल्या बाई खुर्चीत बसल्या, मागे रेलल्या, डावीउजवीकडे झुलल्या. खुर्ची जागची हलली नाही.

"तुम्ही मागे पाठवलेली तर आमच्या गच्चीवर वाऱ्यानेच आडवी झाली," त्या म्हणाल्या. "ही बसलीय घट्ट. पण हलकी आहे ना? आमच्या मुलींना रोज उचलून आत न्यायच्या असतात."

गिऱ्हाइकाला हलकंही हवं असतं आणि वाऱ्याला न जुमानणारंही हवं असतं.

"पिसासारखी!" दादा म्हणाला. "आमचे वडील एका हाताने नेतात."

बाईंच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात पर्स. उचलून बघण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

त्याची धाकटी बहीण भिंतीला टेकून उभी होती. खुर्ची तिची होती, म्हणजे डिझाइन तिचं. मळणीनंतर लोक जे गव्हाचं काड शेतातच पेटवून देतात, ते आणून, कुटून, दाबून तिने फळ्या केल्या होत्या. पाठीला हलकासा बाक, पाय पोकळ, रंग काडाचाच, पिवळा. बघणाऱ्याला हात फिरवावासा वाटे. पण हा सगळा खटाटोप सुरू झाला तो बाबांमुळे. त्यांचं उजवं अंग लुळं पडलं आणि डाव्या हाताने नेता येईल अशी खुर्ची बाजारात कुठे मिळेना.

समोरच्या खुर्चीच्या चारही पायांत सिमेंट होतं. "एकदा माल गेला की पुढचं पुढे बघू," असं म्हणत काल दादाने ते ओतलं होतं. ही ऑर्डर हुकली की कारखान्याला कुलूप, हे धाकटीलाही ठाऊक होतं. तिला स्वतःची किळस आली, पण दादा ओतत होता तेव्हा खुर्ची उलटी धरून तीच उभी होती. आज सकाळी बाबांची हुबेहूब तशीच खुर्चीही तिनेच मागच्या खोलीत लपवली, बाईंनी दोन्ही उचलून बघू नयेत म्हणून. गडबडीत बाबांना सांगायचं राहिलं.

तेवढ्यात बाबा आतून पाय ओढत आले. त्यांना बघून बाई संकोचाने उठल्या.

"बसा, बसा. मी आपली माझी खुर्ची घेऊन उन्हात जातो," बाबा म्हणाले. मग त्यांना राहवेना. "लेकीने केलीय माझ्यासाठी. आता बघा हं."

त्यांनी डाव्या हाताने खुर्चीची पाठ धरली आणि उचलली. म्हणजे, उचलायला गेले.

ते जरासे हसले. पकड बदलली. पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा तटतटल्या. खुर्ची ढिम्म.

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "हलकी म्हणालात ना?"

धाकटीने दादाकडे पाहिलं. दादाने बाबांकडे पाहिलंच नाही.

"खुर्चीचं काही नाही हो," तो बाईंना म्हणाला. "बाबांच्या त्या हातातही आता जोर राहिला नाही. आम्हालाच त्यांना सांगवत नाही, एवढंच."

बाबांनी हात डोळ्यांसमोर धरला, मूठ मिटली, उघडली. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. दादावर त्यांचा विश्वास असो नसो, ती कधी खोटं बोलत नसे.

"खरं का गं?"

एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं.

"दमलात तुम्ही, बाबा," ती म्हणाली आणि पुढे झाली. तिने खुर्ची एका हाताने उचलली. खांद्यातून कळ थेट मानेपर्यंत गेली. चेहऱ्यावरचं हसू न सांडता ती दारापर्यंत चालत गेली आणि आवाज होणार नाही अशा बेताने तिने ती उन्हात ठेवली.

"अय्या, खरंच की! किती हलकी!" बाई म्हणाल्या आणि दादाकडे वळल्या. "कधीपर्यंत द्याल सगळ्या?"

बाबा दाराशी आले आणि सावकाश खुर्चीत बसले. डावा हात त्यांनी मांडीवर उजव्याशेजारी ठेवून दिला.

"उद्यापासून खुर्ची तूच उन्हात ठेवत जा गं," ते लेकीला म्हणाले.