उमेदवाराची आई

मुलगा एका उमेदवाराच्या कचेरीत कामाला होता. न मागता लाखो लोकांच्या फोनवर येऊन पडणारे ते ईमेल तोच लिहायचा. खाली नाव तेवढं साहेबांचं. निवडणूक तोंडावर आल्यापासून त्याला घरी यायला फुरसत नव्हती, म्हणून आई चष्मा लावून ते ईमेलच वाचत बसायची. तेवढीच लेकाची खुशाली.

आजचा ईमेल साहेबांच्या आईवर होता. शर्टाची झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवणारी आई. दोन वर्षं पुरावेत म्हणून मोठ्या मापाचे बूट घेऊन त्यांत कापसाचे बोळे कोंबणारी आई. वाचता वाचता तिचा ऊर भरून आला. साहेबांचं कुठलं हे, ही तर ती स्वतःच होती! पोरगं काही म्हणता काही विसरलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारीण डोळे पुसतच आत आली. "काकू, वाचलंत का हो? शेवट तर वाचवतच नाही. आमच्या घरची चारही मतं आता यालाच!"

आईनं घाईघाईनं शेवट गाठला. 'गेल्या वर्षी ती गेली. तिचा शेवटचा फोन घ्यायलाही मला वेळ झाला नाही.'

तिनं लगेच मुलाला फोन लावला. "अरे, मी आहे ना अजून!"

मुलगा गडबडीत होता.



"अगं आई, जिवंत आईच्या गोष्टीला मतं पडत नाहीत."