साथीचा सूर

डॉक्टरांना मनोमन हात जोडत वामनरावांनी बायकोच्या घशात बसवलेल्या यंत्राची वायर कीबोर्डला लावली. व्हॉल्यूमचं बटण अर्ध्यावर आणलं. पट्टी तिची नेहमीची, काळी चार. दोन वर्षांपूर्वी कर्करोगाने शैलजाबाईंचा आवाज नेला होता. आता ओठ त्यांनी हलवायचे आणि सूर कीबोर्डवरून वामनरावांनी द्यायचा.

बाईंचे ओठ हलले. आवाज नाहीच. वामनराव पट्ट्यांवर बोटं टेकवून नुसते थांबले होते. तीस वर्षं तिच्या गाण्याला पेटीची साथ केलेला माणूस तिच्या आधी सूर कसा धरणार?

बाईंनी हसून त्यांचं बोट दाबलं. आवाज फुटला, अगदी तोच.

"अहो, जन्मभर माझ्या मागून आलात. आता पुढे व्हा, मी येते मागून."