केबिनच्या दारापेक्षा मोठा

"बाबा, गळ द्या इकडे. आमिष मी लावते. तुमचे हात थरथरतात."

आरविदने कुरकुरत गळ सोडला. रग्ना तो घेऊन बोटीच्या पलीकडच्या कडेला गेली, जिथे पाण्यावर नारिंगी बोया डोलत होता, आणि बराच वेळ ओणवी राहिली. एका आमिषाला एवढा वेळ? पण बोट आता तिची. आरविदने गुमान बसायचं, ओहायोहून मासेमारीला आलेल्या पाहुण्या नवराबायकोसारखं.

अलास्कातल्या पीटर्सबर्गचा किनारा धुक्यात केव्हाच विरघळला होता. पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. दूर कुठेतरी देवमासा उसासे टाकत होता. आरविदचे डोळे जडावले. डोळ्यांपुढे चिमुरडी रग्ना आली: मांडीवर बसून माशाच्या शेपटीला दोरीची गाठ मारायला शिकतेय; बाजाराच्या दिवसापर्यंत मासा बोयाखाली जिवंत राहायला हवा. केवढं हसायची पोर! इथंच बसून राहावं, कायमचं, असं त्याला वाटलं.

रग्नाला तेच नको होतं. हृदय थकलंय, समुद्र पुरे, असं डॉक्टरने दोनदा बजावलं होतं. म्हातारा ऐकेल तर शपथ! "केबिनच्या दारापेक्षा मोठा हॅलिबट मासा काढेन, त्या दिवशी ही टोपी तुझ्या हवाली, समुद्र बंद," असं त्याने गावासमोर सांगून ठेवलेलं. तीन उन्हाळे सरले. मासा येईना, टोपी उतरेना.

"धरा," रग्नाने काठी हातात दिली. दोरी सरसर खोल धावली आणि काठी कमानीसारखी वाकली.

"लागला!" आरविद ताडकन उठला.

"आजोबा, मी धरू का?" पाहुण्याने विचारलं.

"हात लावाल तर खबरदार!"

दंड भरून आले, छाती धपापली. तो गुंडाळत राहिला. "पोरी, बंदूक काढ! असलं धूड जिवंत वर घेतलं तर कुणाची तरी तंगडी मोडेल."

"नाही लागणार. दमलाय तो."

मासा अजून दिसलाही नव्हता.

मग तो धुक्यातल्या पाण्यातून अलगद वर आला. चपटा, तपकिरी, एकाच अंगावरचे दोन्ही डोळे आभाळाकडे लावून. आकड्या टाकून तिघांनी ओढून घेतला. फारशी फडफड नाही. दाराशी लावून पाहिला, तर वीतभर जास्तच. पाहुणीने टाळ्या पिटल्या.

"शब्द आठवतो ना, बाबा?" रग्नाने विचारलं. ती धुक्याकडे पाहत होती.

"आठवतो गं."

आरविद माशापाशी गुडघ्यांवर बसला, पाठीवरून हात फिरवत शेपटीपर्यंत आला आणि थांबला. तिथली कातडी गोल सोलवटली होती. दोरीचा ताजा वळ.

त्याने ओलं पोतं ओढून शेपूट झाकली आणि टोपी काढून पोरीच्या डोक्यावर ठेवली.