सगळ्यात जुना दावा

सोनिवलीच्या पुतळाबाईंचा शेताच्या बांधाचा दावा सत्तावीस वर्षं चालला होता. आज त्यांची साक्ष होती. कोर्टाच्या पायरीवरच एका साहेबांनी त्यांना गाठलं. खटले का रखडतात ते शोधायला सरकारने नवं प्राधिकरण काढलं होतं आणि खाली मांडवात त्याचं उद्घाटन होतं.

"आजी, सगळ्यात जुना दावा तुमचा. तुमचा सत्कार करायचाय, चला."

"सत्कार कसला करतोस रे? वर माझा पुकारा होईल."

"पाच मिनिटांचं काम. वर निरोप देतो ना मी!"

पाच मिनिटांत नुसते पाहुण्यांचे हार झाले. मग भाषणं सुरू झाली. पुतळाबाई दोनदा उठल्या, दोन्ही वेळा साहेबांनी खांदा धरून बसवलं. "फोटो राहिलाय, आजी." स्पीकरच्या आवाजात वरच्या शिपायाने तीनदा दिलेली हाक खाली कुणालाच ऐकू आली नाही.

त्या शाल घेऊन वर पोचल्या तेव्हा शिपाई म्हणाला, "गैरहजर म्हणून दावा काढून टाकला. होतात कुठं?"

"खाली मांडवात. न्याय लवकर कसा मिळेल ते ऐकत होते," म्हणत त्यांनी शाल त्याच्या टेबलावर टाकली.

वर्षाने प्राधिकरणाचा जाडजूड अहवाल आला. मुखपृष्ठावर शाल पांघरलेल्या पुतळाबाई होत्या. आत पहिलाच निष्कर्ष होता : दावे रखडतात, कारण पक्षकार तारखेला हजर राहत नाहीत.