भिंतीतली मावशी

तनुजाच्या छोट्या लेकीच्या, दिव्याच्या, हातातून वाटी सुटली आणि फरशीवर गरगर फिरत राहिली. रिकाम्या मेसमध्ये तेवढाच आवाज.

वाटी थांबल्यावर रणजीत बोलला. "मॅडम, चित्राला नावं ठेवत न्हाई मी. चित्र झकास हाय. फक्त तोंड बदला."

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तो चाकणहून तसाच आला होता, कंपनीच्या निळ्या शर्टात. मागे त्याची आई, पुतळाबाई, ओले हात पदराला पुसत उभी होती. निघोज्याच्या या कॉलेजच्या मेसमध्ये ती स्वयंपाक करायची. समोर भिंतभर वनवासातली द्रौपदी होती. हातात सूर्याने दिलेली थाळी, थाळीच्या काठाला चिकटलेलं भाजीचं एक पान, आणि त्या पानाकडे हात पुढे केलेला भुकेला कृष्ण. द्रौपदीचं तोंड मात्र पुतळाबाईचं. सावळं, रुंद, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके.

भिंत रंगवणारी तनुजा परांचीवरून खाली उतरली. "मावशींना आवडलंय की. बदलायचं कशाला?"

"उद्या उद्घाटनाला संस्थेचे दादासाहेब हार घालणार म्हणं. त्ये बघा, खिळे ठोकल्यात." द्रौपदीच्या डोक्याच्या दोन्ही अंगांना दोन खिळे होते. "जित्या माणसाच्या तोंडाला हार घालत्यात का, मॅडम? घरात वडलांचा एक फोटो हाय हाराचा. दुसरा नको मला."

सकाळी शिपाई खिळे ठोकत होता तेव्हा तनुजा शेजारीच उभी होती. रंगाचा टवका उडू नये, एवढंच बघत होती.

"हार नको म्हणून सांगते मी दादासाहेबांना," ती म्हणाली. "नुसता दिवा लावू देत. आत्ताच फोन करते."

"करा की." रणजीतचा आवाज एकदम खाली आला. "तसं झालं तर माझं काय म्हणणं न्हाई. आईचंच चित्र हाय, मला काय वाईट वाटतंय व्हय?"

पुतळाबाईने मान वर केली.

तनुजाने फोन काढला. दादासाहेबांचं नाव समोर आलं. पहिल्या दिवशी ते दिव्याकडे बघून हसले होते, "लेकरू काखेत घेऊन भिंत रंगवणार का बाई तुम्ही?" मधे दिव्याला ताप आला, काम थांबलं, तेव्हा हसले नव्हते. आता त्यांना सांगायचं, की तुमच्या स्वयंपाकिणीचं तोंड मी न विचारता भिंतीवर काढलंय, म्हणून उद्या हार घालू नका. तळवड्याच्या नव्या शाखेची भिंत अजून कुणाला द्यायची ते ठरायचं होतं.

तिचा अंगठा नावावर थांबला, दाबला नाही. मग तिने फोन कानाला लावला. थोडा वेळ तसाच धरला.

"उचलत नाहीत," ती म्हणाली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

पुतळाबाईने फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. रणजीत खिळ्यांकडेच बघत होता.

"पुसा बाई," पुतळाबाई म्हणाली. "पोरं तरी किती चेष्टा करायची. म्हणत्यात, मावशी, ती थाळी आणा इकडं, आज भात कमी पडलाय. म्हणलं, थाळी तिची हाय बाबांनो, तोंड तेवढं माझं." ती हसली. मग हात नकळत कपाळाकडे गेला. भिंतीवर त्या कपाळाला रुपयाएवढं कुंकू होतं. खाली उभ्या पुतळाबाईचं कपाळ मोकळं होतं. "कुकू लावलेलं बगितलं, लई झालं."

रणजीतने मान फिरवली. "जेवून घे आई," एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला. गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं.

तनुजाने पांढऱ्याचा एक हात मारला. गोंदण दिसतच राहिलं. दुसरा हात मारला, तरी निरखून बघितलं तर ठिपके होतेच. तिसऱ्या हातानंतर गेले. पुढे काही अवघड नव्हतं. गोरे गाल, सरळ नाक, झुकलेल्या लांब पापण्या. कॅलेंडरवरच्या देवीचं तोंड. हात आपोआप चालला, समोर कुणाला बघावं लागलं नाही. कुंकू तिने शेवटी लावलं.

पुतळाबाई रोज सगळ्यांची जेवणं उरकली की ताट घेऊन भिंतीसमोर बसायची. आज ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली, भिंतीकडे पाठ करून. दिव्याला तिने नेहमीसारखं मांडीवर घेतलं. आपल्या ताटातला वरणभात कालवून तिला आधी भरवला.

तनुजाने ब्रश धुतले, डबे झाकले, पिशवी खांद्याला लावली. थेरगावला पोचेपर्यंत अंधार होणार होता.

"चल दिव्या. टाटा कर."

दिव्याचे दोन टाटा ठरलेले असायचे. एक मावशीला, एक भिंतीतल्या मावशीला. तिने पुतळाबाईला टाटा केला, गालाला गाल लावला. मग भिंतीकडे वळून हात वर केला. हात तसाच राहिला.

"आई," ती म्हणाली, "ही कुणाची मावशी?"