पादत्राणे येथे काढावीत

"जरा उभी राहतेस का?" मला बघायला आलेल्या निनादच्या आईने हॉटेलात डोसा खाता खाता विचारलं. मी उभी राहिले. त्यांनी मला केसांपासून सपाट चपलांपर्यंत न्याहाळलं. "आम्हाला जरा उंच मुलगी हवी होती. निनाद पाच फूट आठ आहे ना! तू हाडांच्या वाढीवरच पीएचडी करतेस म्हणे. मग स्वतःसाठी काही नाही का करता येत?"

माझ्या आईने टेबलाखालून पाय दाबला, तरी मी सांगितलंच. "काकू, वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची पट्टी असते. तिथल्या पेशी रांगेत वाढतात, फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड तयार होतं. कधी थांबायचं ते शरीरातली रसायनं ठरवतात. एकदा पट्टी मिटली, की कुणाचंच काही चालत नाही."

"कुणाचंच?" निनादने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"असो," काकू म्हणाल्या. "शेजारीच गणपतीचं देऊळ आहे. दोघं मिळून पाया पडा."

मी दारात चपला काढल्या. निनाद बाहेरूनच हात जोडत होता.

"असा काय रे? बूट काढून आत ये!" काकू सवयीने ओरडल्या.

त्याने बूट काढले, तशी आतली जाड गादीही बाहेर आली. तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. आमचे डोळे एका रेषेत होते.

काकूंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाल्या, "जोडा शोभतोय हो!"

मी घंटा वाजवली. "काकू, आम्हाला जरा उंच मुलगा हवा होता."