मागचे ठोके

“तुम्ही मारलंत माझ्या बाबांना. मशीनने नाही, रोगाने नाही. तुम्ही.”

चौकशीच्या खोलीत पंखा घरघरत होता. टेबलापलीकडे हॉस्पिटलचे मोठे साहेब बसले होते. तक्रार त्यांच्याविरुद्ध आणि चौकशी करणारेही तेच. असला न्याय. बोलणारी हॉस्पिटलच्याच कॉम्प्युटर विभागातली इंजिनिअर होती. पुढे केलेल्या खुर्चीवर ती बसली नव्हती.

प्रकरण साधं होतं. हृदयरोगाच्या वॉर्डात खाटेजवळ नुसत्या वायरी. पडदा आणि धोक्याचा भोंगा सिस्टरच्या टेबलावर. सगळ्या खाटांचे ठोके एका कॉम्प्युटरकडे जायचे आणि त्याच कॉम्प्युटरवर खालच्या हॉलमधली हॉस्पिटलच्या जाहिरातीची फिल्मही चालायची. हसऱ्या नर्सेस, हसरे पेशंट, मध्येच हसरे साहेब. प्रोसेसर एक, कामं ढीगभर. कोणाला किती वेळ द्यायचा ते ऑपरेटिंग सिस्टिममधला शेड्युलर ठरवतो. शेड्युलरला इंजिनिअर सांगते. इंजिनिअरला साहेब सांगतात.

एकदा विश्वस्त आले आणि नेमकी तेव्हाच फिल्म अडकली. पडद्यावर साहेबांचं हसू अर्ध्यात थिजलं. खाली उभ्या साहेबांचं तर पळूनच गेलं.

“वॉर्डातल्या प्रोग्रॅमना वेळेची मर्यादा घाला,” त्यांनी हुकूम सोडला. “एका खाटेला एवढाच प्रोसेसर. संपला की पुढच्या पाळीपर्यंत गप्प.”

“साहेब, धड चालणाऱ्या काळजाचा हिशोब पटकन होतो. बिघडलेल्याला वेळ लागतो. मर्यादा नेमकी त्यालाच आडवी येईल. काम साठत जाईल, भोंगा उशिरा वाजेल.”

“प्रोग्रॅम मरतो का?”

“नाही. थांबतो.”

“मग थांबू द्या की!”

तिने मर्यादा घातली. नोकरी होती. ती बदलायचा पासवर्ड साहेबांनी स्वतःकडे घेतला.

मग बाबाच त्या वॉर्डात आले. खिडकीजवळच्या खाटेवर. सायकलदुरुस्तीत जन्म गेलेला माणूस. छातीवर चिकटवलेल्या वायरींकडे बघून म्हणाले, “पोरी, मला डायनॅमो लावलाय का गं?”

तिने सगळं समजावून सांगितलं. लपवायचं कशाला?

“म्हणजे पंप एक आणि दारात सायकलींची रांग,” बाबा म्हणाले.

“हो. आणि ज्याची ट्यूब जास्त फाटकी, त्यालाच अर्ध्या हवेवर बाजूला काढायचं.”

बाबा हसले. हसता हसता धाप लागली. “असा धंदा केला असता तर गिऱ्हाइकांनी मलाच बडवलं असतं.” मग छातीवरची एक वायर बोटाने चाचपली. “माझी ट्यूब कशी आहे गं?”

“नवीकोरी,” ती म्हणाली आणि उठून तडक साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी मान वर केली नाही. “तुमच्या वडिलांसाठी नियम बदलायचा का? इथे सगळे पेशंट सारखे, मॅडम.”

दुसऱ्या दिवशी ती चहाचा थर्मास घेऊन आली. बाबांचा हात हातात घेतला. कोमट होता, पण लुळा. तिने सिस्टरला हाक मारली.

“अहो, झोपलेत ते,” सिस्टर टेबलावरून म्हणाली. “ठोके चालू आहेत की!”

खरंच चालू होते. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. ते मागचे ठोके होते. बाबांच्या वेड्यावाकड्या काळजाचं साठलेलं काम कॉम्प्युटर पाळी येईल तसं उरकत होता. ती किंचाळली तेव्हा सिस्टर धावली. छाती दाबली, डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली. सगळ्यांनी हात मागे घेतले, तेव्हा कुठे भोंगा वाजला.

खालच्या हॉलमध्ये फिल्म लोण्यासारखी चालली होती.

“मर्यादेचा आणि या मृत्यूचा काहीही संबंध नाही,” साहेबांनी चौकशी गुंडाळली. तिला उचलून बिलांच्या प्रिंटरवर बसवलं. दिवसभर कागद अडकायचा, ती ओढून काढायची. वॉर्डातली मर्यादा तशीच राहिली.

काही महिने गेले. एका सकाळी साहेब स्वतः प्रिंटरच्या खोलीत आले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं. त्यांनी दार लोटून घेतलं.

“आईला ॲडमिट केलंय. खिडकीजवळचीच खाट मिळाली. ठोके धड पडत नाहीयेत.” आवाज खाली आला. “तेवढ्या एका खाटेची मर्यादा काढा ना, मॅडम. कोणाला कळायचं नाही.”

तिने कीबोर्ड पुढे सरकवला. साहेबांनी पासवर्ड टाकला, दोनदा चुकला. मग तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि मर्यादा काढली. एका खाटेची नाही. सगळ्या खाटांची.

खाली फिल्म अडकली. जिन्यावरून लोकांची कुजबुज वर आली. साहेब “उपकार झाले” असं काहीतरी पुटपुटले आणि दाराकडे वळले. ती उठून दारात उभी राहिली. तिच्या हातात अजून बिलाचा चुरगळलेला कागद होता.

“जा, तुमच्या आईचा भोंगा वेळेवर वाजेल,” ती म्हणाली. “पण त्याआधी एक सांगा. संबंध नव्हता ना? मग माझ्याकडे पळत का आलात? उत्तर द्या, साहेब.”